स्पॅनिंग ट्री फेलओव्हरनंतर स्विच मॅक अ‍ॅड्रेस परत कसे शिकतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिंक तुटली, स्पॅनिंग ट्रीने (जादा लिंक बंद ठेवून लूप टाळणारा स्विचमधला प्रोटोकॉल) दुसरी लिंक चालू केली, स्विचवर सगळे दिवे हिरवे, आणि तरीही दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर दोन-चार मिनिटं कुणाला सापडतच नाही. मग कुणीतरी प्रिंटर बंद-चालू करतं, तो लगेच सापडतो आणि खापर प्रिंटरवर फुटतं. बहुतेक वेळा प्रिंटरचा काही दोष नसतो, मधल्या कुठल्यातरी स्विचला जुनाच रस्ता आठवत असतो. त्यावर नेहमी जे विचारलं जातं ते इथे एकत्र लिहिलंय. क्रम साधारण सोप्याकडून अवघडाकडे आहे पण फार काटेकोर नाही.

आधी बेसिक सांगा. स्विच अ‍ॅड्रेस शिकतो म्हणजे नक्की काय करतो?

स्विच कुणाला काही विचारत नाही, नुसता बघत असतो. पोर्टवर फ्रेम (डेटाचा एक तुकडा) आली की तिचा सोर्स मॅक (पाठवणाऱ्या नेटवर्क कार्डाचा पत्ता) वाचायचा आणि टेबलात लिहून ठेवायचं की हा मॅक, ह्या व्हीलॅनमध्ये (स्विचमध्येच वेगळं काढलेलं नेटवर्क), ह्या पोर्टच्या बाजूला आहे. झालं शिकून. फ्रेम पाठवताना डेस्टिनेशन मॅक त्याच टेबलात शोधायचा, सापडला तर फक्त त्या पोर्टवर पाठवायची, नाही सापडला तर ज्या पोर्टवरून आली तो सोडून त्या व्हीलॅनच्या बाकी सगळ्या पोर्टवर, म्हणजे फ्लड. एखाद्या मॅककडून बराच वेळ काही आलं नाही की नोंद पुसली जाते, हा वेळ डिफॉल्टला ३०० सेकंद असतो. त्याच मॅककडून नवीन फ्रेम आली की घड्याळ परत शून्यावर. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: शिकणं फक्त सोर्सवरून होतं. एखाद्या मशीनकडे ढीगभर ट्रॅफिक जातंय पण ती स्वतः काहीच बोलत नाही, तर तिच्याबद्दल स्विचला नवीन काही कळत नाही.

मग अडचण कुठे आहे? नव्या लिंकवरून फ्रेम आली की स्विच नवीन पोर्ट शिकणारच की.

शिकणार, पण फ्रेम आली तर. तीन स्विचचा त्रिकोण घ्या. सर्व्हर रूममध्ये कोर स्विच, तोच रूट ब्रिज, म्हणजे ट्रीचं मूळ. त्याच्याकडून एक लिंक पहिल्या मजल्याला, एक दुसऱ्या मजल्याला, आणि दोन्ही मजल्यांच्या मध्ये एक जादा लिंक, जी लूप होऊ नये म्हणून दुसऱ्या मजल्याच्या टोकाला ब्लॉक केलेली आहे. प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर आहे. प्रिंटरने मधे कधीतरी एआरपीचा (अमुक आयपीचा मॅक कुठला असं सगळ्यांना विचारणारा) ब्रॉडकास्ट केला, तो कोरवरून फिरून पहिल्या मजल्यावर पोचला, म्हणून पहिल्या मजल्याच्या स्विचने लिहून ठेवलं की प्रिंटर कोरच्या बाजूला आहे. त्या वेळी ते बरोबरच होतं.

आता कोर आणि दुसरा मजला ही लिंक तुटली. दुसऱ्या मजल्याने ब्लॉक केलेला पोर्ट उघडला, म्हणजे प्रिंटरकडे जायचा रस्ता आता कोर, पहिला मजला, दुसरा मजला असा झाला. सर्व्हरने प्रिंटरला फ्रेम पाठवली. कोरला प्रिंटर माहीत नाही (त्याचा तो पोर्ट पडला, त्याबरोबर नोंदीही गेल्या) म्हणून त्याने फ्लड केली, ती पहिल्या मजल्यावर आली. पहिला मजला टेबलात बघतो, प्रिंटर कुठे, तर कोरच्या पोर्टवर. आणि फ्रेम आलीये कुठून, तर कोरच्याच पोर्टवरून. ज्या पोर्टवरून आली त्याच पोर्टवर परत पाठवायची नाही हा स्विचचा नियम, म्हणून तो ती फ्रेम गुपचूप टाकून देतो. कुठे एरर नाही, लॉग नाही, पोर्ट अप, स्पॅनिंग ट्री एकदम नीट. आणि हे नोंद पुसली जाईपर्यंत किंवा प्रिंटर स्वतःहून काही बोलेपर्यंत चालतं, म्हणजे वाईटात वाईट ३०० सेकंद.

उलट दिशेला हा त्रास नसतो, प्रिंटरने सर्व्हरला काही पाठवलं तर ते नीट पोचतं आणि जाता जाता पहिला मजला आणि कोर दोघांनाही नवीन रस्ता शिकवून जातं. म्हणूनच प्रिंटर बंद-चालू केला की तो सापडतो, चालू होताना तो काहीतरी बोलतोच.

ज्या स्विचची लिंक पडली त्याला तर लगेच कळतं ना?

हो, पोर्ट डाउन झाला की त्या पोर्टवर शिकलेल्या सगळ्या नोंदी तो स्विच तिथल्या तिथे काढून टाकतो, त्यासाठी स्पॅनिंग ट्री लागतही नाही. गोची आहे ती तिसऱ्या स्विचची, ज्याची स्वतःची एकही लिंक पडलेली नाही पण ज्याच्या टेबलातली माहिती आता खोटी झालीये. त्याला कुणीतरी जाऊन सांगायला लागतं. स्पॅनिंग ट्रीतला टोपॉलॉजी चेंज हा सगळा प्रकार त्या तिसऱ्यासाठीच आहे.

जुन्या एसटीपीमध्ये ही खबर कशी पोचते?

जुनी म्हणजे ८०२.१डी, राडिया पर्लमन यांनी डेक (डिजिटल इक्विपमेंट) कंपनीत १९८५ साली जिचा अल्गोरिदम बनवला आणि जी १९९० मध्ये स्टँडर्ड झाली ती. तिच्यात खबर थेट सगळ्यांना देत नाहीत, आधी वर रूटकडे अर्ज जातो आणि मग रूट सगळ्यांना कळवतो.

ज्या स्विचला बदल दिसला तो आपल्या रूट पोर्टवरून (रूटकडे जाणारा पोर्ट) टीसीएन (टोपॉलॉजी चेंज नोटिफिकेशन) नावाचा छोटा बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा स्विच-स्विचमधला निरोप, पाठवतो. वरचा स्विच पोचपावती देतो (कॉन्फिगरेशन बीपीडीयूमध्ये टीसीए बिट लावून), तोपर्यंत खालचा दर हॅलोला म्हणजे दर २ सेकंदांनी तेच पाठवत राहतो. वरचा त्याच्या वरच्याला कळवतो, असं करत खबर रूटपर्यंत जाते. रूट मग आपल्या नेहमीच्या बीपीडीयूमध्ये टीसी (टोपॉलॉजी चेंज) बिट लावतो आणि मॅक्स एज अधिक फॉरवर्ड डिले (दोन्ही स्पॅनिंग ट्रीचे टायमर) इतका वेळ, डिफॉल्टला २० अधिक १५ म्हणजे ३५ सेकंद, लावून ठेवतो. ज्याला ज्याला तो बिट दिसतो तो स्विच आपला एजिंग टाइम ३०० वरून फॉरवर्ड डिलेवर म्हणजे १५ सेकंदांवर आणतो. टेबल एकदम पुसत नाही हं, फक्त नोंदींचं आयुष्य कमी करतो. ज्या मशीन बोलतायत त्यांच्या नोंदी टिकतात, ज्या गप्प आहेत त्यांच्या १५ सेकंदांत गळून पडतात. नोंद गेली की फ्रेम फ्लड होते आणि प्रिंटरला सापडते.

१५ सेकंदच का? अजून कमी का नाही?

मला ह्या प्रोटोकॉलमधला सगळ्यात हुशार भाग हाच वाटतो आणि पुस्तकांत तो एका ओळीत उरकलेला असतो. वरचाच त्रिकोण घ्या. लिंक तुटली त्या क्षणी कोरलाही ते दिसलं, तो स्वतःच रूट आहे म्हणून त्याने लगेच टीसी बिट लावला, पहिल्या मजल्याने एजिंग १५ सेकंदांवर आणलं. तिकडे दुसऱ्या मजल्याचा ब्लॉक पोर्ट लिसनिंगमध्ये १५ सेकंद आणि लर्निंगमध्ये १५ सेकंद असा ३० सेकंदांनी उघडणार. ह्या ३० सेकंदांत दुसऱ्या मजल्यावरून एकही फ्रेम पहिल्या मजल्याला येऊ शकत नाही, म्हणजे त्या मजल्यावरच्या सगळ्या मशीनच्या जुन्या नोंदी रस्ता उघडायच्या आतच मरून जातात. रस्ता उघडतो तेव्हा चुकीचं काही शिल्लकच नसतं. पोर्ट फॉरवर्डिंगला आल्यावर दुसरा मजला वेगळा टीसीएन पाठवतो आणि परत एकदा तेच चक्र फिरतं.

थोडक्यात जुनी एसटीपी इतकी हळू होती की टेबलाचा प्रश्न त्या हळूपणातच झाकला जायचा. लोकांना ३० सेकंदांची बोंब दिसायची, तिच्या आत टेबलं साफ होतायत हे कुणाला दिसायचं नाही.

मग रस्ता लवकर उघडला तर टेबलं मागे राहणार?

तेच झालं. सिस्कोने अपलिंकफास्ट आणलं, अ‍ॅक्सेस स्विचचा (ज्याला पीसी जोडतात तो) मुख्य अपलिंक (वरच्या स्विचकडे जाणारी लिंक) पडला तर दुसरा अपलिंक लिसनिंग-लर्निंग न करता थेट उघडायचा, १ ते ५ सेकंदांत काम. पण आता रस्ता उघडलाय आणि वरच्या स्विचच्या टेबलातली जुनी माहिती अजून जिवंत आहे, एजिंग १५ वर आणलं तरी १५ सेकंद तर जाणारच, मग लवकर उघडून मिळालं काय?

त्यावरचा उपाय भारी आहे. अ‍ॅक्सेस स्विच आपल्या टेबलात बघतो, आपल्या बाजूला कोणकोणते मॅक आहेत, आणि त्या प्रत्येकाच्या नावाने एक खोटी मल्टिकास्ट फ्रेम नव्या अपलिंकवरून सोडतो. सोर्स त्या मशीनचा मॅक, डेस्टिनेशन सिस्कोचा ठरलेला ०१००.०सीसीडी.सीडीसीडी. मल्टिकास्ट असल्यामुळे ती सगळीकडे पसरते आणि वाटेतला प्रत्येक स्विच सोर्स वाचून नवीन पोर्ट शिकतो. मशीन स्वतः बोलत नसेल तर तिच्या वतीने स्विच बोलतो. वेग डिफॉल्टला सेकंदाला १५० फ्रेम, म्हणजे स्विचमागे ३०० मशीन असतील तर शेवटच्या मशीनचा नंबर लागायला साधारण २ सेकंद.

हे फक्त टोकाच्या अ‍ॅक्सेस स्विचवर लावायचं असतं. त्यासाठीच ते चालू केलं की स्विचची प्रायॉरिटी आपोआप ४९१५२ होते आणि पोर्टचा कॉस्ट ३००० ने वाढतो, म्हणजे हा स्विच चुकूनही रूट बनू नये. आता नवीन नेटवर्कमध्ये ह्याची गरज नाही पण जुन्या कॉन्फिगमध्ये ही ओळ अजून सापडते.

आरएसटीपीमध्ये काय बदललं?

आरएसटीपी म्हणजे रॅपिड एसटीपी, ८०२.१डब्ल्यू, २००१ साली आली आणि ८०२.१डीच्या २००४ च्या आवृत्तीत तर जुनी एसटीपी काढूनच टाकली. फेलओव्हर सेकंदाच्या आत होऊ लागला, म्हणजे टेबलांना १५ सेकंद द्यायची चैन राहिली नाही. म्हणून दोन बदल केले.

एक, खबर रूटमार्गे जात नाही. ज्याने बदल बघितला तोच स्विच आपल्या रूट पोर्टवर आणि एज नसलेल्या (एज म्हणजे पीसी-प्रिंटरसारखी टोकाची मशीन जोडलेला पोर्ट) डेझिग्नेटेड पोर्टवर (रूटपासून लांब जाणारे) टीसी बिट लावलेले बीपीडीयू सोडतो, ज्याला मिळाले तो पुढे पाठवतो, लाटेसारखं सगळ्या ट्रीभर पसरतं. हे टीसी बिट लावणं ३-४ सेकंदच चालतं, पूर्वीसारखं ३५ नाही.

दोन, एजिंग कमी करत बसायचं नाही, सरळ फ्लश. ज्या पोर्टवरून टीसी आला तो पोर्ट आणि एज पोर्ट सोडून बाकी पोर्टवरच्या नोंदी लगेच पुसायच्या. तो एक पोर्ट का सोडला? आपल्या त्रिकोणात बघा, टीसी दुसऱ्या मजल्याकडून पहिल्या मजल्याला आला. ज्या मशीन जागा बदलून आल्यासारख्या दिसणार आहेत त्या आता त्याच बाजूला आहेत, त्यामुळे त्या बाजूची आधीपासून असलेली नोंद खोटी असायचं कारण नाही. खोटी नोंद असेल तर दुसऱ्या कुठल्यातरी पोर्टवर, इथे कोरच्या पोर्टवर. ती पुसली, प्रिंटरची फ्रेम फ्लड झाली, पोचली, प्रिंटरने उत्तर दिलं, दोन्ही स्विच नवीन पोर्ट शिकले. काम मिलिसेकंदांचं.

आरएसटीपीत लिंक पडली की टीसी का दिसत नाही? काउंटर वाढलाच नाही.

बरोबर आहे, ते तसंच ठरवलंय. आरएसटीपीत एज नसलेला पोर्ट फॉरवर्डिंगला गेला तरच टोपॉलॉजी चेंज धरतात. लिंक पडल्याने कुणाकडे जायचा नवीन रस्ता तयार होत नाही, जुना फक्त बंद होतो, आणि त्या पोर्टच्या नोंदी त्या स्विचने काढल्याच आहेत. दुसऱ्यांची टेबलं चुकीची ठरतात ती नवीन रस्ता उघडल्यावर. म्हणून पर्यायी लिंकच नसेल तर केबल काढली तरी काउंटर हलणार नाही, केबल परत लावली की हलेल.

फेलओव्हरनंतर एआरपी क्लिअर करायला पाहिजे का?

नाही. हा गोंधळ फार होतो. एआरपी सांगतं कुठल्या आयपीचा मॅक कुठला, आणि स्पॅनिंग ट्रीच्या फेलओव्हरमध्ये ती जोडी बदलत नाही. बदलतो तो मॅक कुठल्या पोर्टवर आहे हा भाग, जो फक्त स्विचच्या टेबलात असतो. एआरपी क्लिअर केल्यावर बरं झालं असं वाटतं त्याचं कारण वेगळं आहे: क्लिअर केल्यावर मशीन एआरपीचा ब्रॉडकास्ट करते, ब्रॉडकास्ट टेबल न बघता सगळीकडे जातो, समोरचा उत्तर देतो आणि त्या उत्तराच्या सोर्सवरून मधले स्विच शिकतात. औषध लागू पडलं, पण रोग दुसराच होता.

ह्याच कारणाने प्रत्यक्षात बोंब पूर्ण ५ मिनिटं क्वचितच चालते. पाठवणाऱ्या मशीनला बराच वेळ उत्तर मिळालं नाही की ती स्वतःच परत एआरपी करते आणि गाडी रुळावर येते.

फायरवॉलच्या जोडीचा फेलओव्हर ही वेगळी गोष्ट. तिथे दुसरी पेटी तोच व्हर्च्युअल मॅक घेऊन आपल्या पोर्टवरून बोलायला लागते, किंवा मॅकच बदलते, म्हणून तिथे ग्रॅच्युइटस एआरपी (कुणी न विचारता स्वतःहून पाठवलेलं) सोडावं लागतं.

फ्लश झाल्यावर नेटवर्क क्षणभर स्लो होतं, हे नॉर्मल आहे का?

हो, टेबल रिकामं म्हणजे सगळं फ्लड. ज्या मशीन दोन्हीकडून बोलतायत त्या लगेच परत शिकल्या जातात म्हणून एक झटका येतो आणि जातो. त्रास होतो तो एकतर्फी ट्रॅफिकमध्ये. समजा एक लॉग गोळा करणारी मशीन आहे जी यूडीपीवर नुसतं ऐकते, कुणाला उत्तर देत नाही. तिचा मॅक फ्लशमध्ये गेला की तिच्याकडे जाणारे सगळे लॉग त्या व्हीलॅनमध्ये प्रत्येकाच्या पोर्टवर सांडत राहतात, ती काहीतरी बोलेपर्यंत. १०० एमबीपीएसवर लटकलेला एखादा जुना कॅमेरा किंवा बायोमेट्रिक मशीन असेल तर त्याला हा लोंढा झेपत नाही. मशीनने आरएसटीपीच्या एज पोर्टवर असणं इथे कामाला येतं पण तेवढ्या एकाच स्विचवर, बाकीच्या स्विचच्या अपलिंकवरची तिची नोंद जातेच. अशा मशीनला दर मिनिटाला गेटवेला एक पिंग करायला लावा, साधा उपाय आहे आणि चालतो.

टोपॉलॉजी चेंजचा काउंटर दर थोड्या वेळाने वाढतोय, लिंक तर एकही पडत नाहीये. काय बघू?

९९ वेळा उत्तर एकच, कुठलातरी पीसीचा पोर्ट एज म्हणून सेट केलेला नाही. कुणी लॅपटॉप लावला, कुणाचा पीसी झोपेतून उठला, पोर्ट फॉरवर्डिंगला गेला, स्विचला वाटलं ट्रीमध्ये बदल झाला आणि त्याने पूर्ण व्हीलॅनची टेबलं पुसायला लावली. एका लॅपटॉपसाठी. दोनशे पीसींच्या ऑफिसात सकाळी लोक यायच्या वेळेला हा तमाशा सलग चालतो आणि तक्रार येते ती "सकाळी नेट स्लो असतं" अशी.

सिस्कोवर शो स्पॅनिंग-ट्री डिटेल मारा. त्यात किती चेंज झाले, शेवटचा किती वेळापूर्वी झाला आणि कुठल्या पोर्टवरून आला हे तिन्ही असतं. त्या पोर्टच्या पलीकडे कोणता स्विच आहे बघा, तिथे जाऊन परत तीच कमांड, असं करत टोकापर्यंत जा. दोन-तीन उड्यांत तो पोर्ट सापडतो. मग ज्या ज्या पोर्टवर पीसी, प्रिंटर, फोन, कॅमेरा आहे त्या सगळ्यांवर पोर्टफास्ट लावा, दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर त्याला एज पोर्ट म्हणतात. आणि सोबत बीपीडीयू गार्ड लावाच, म्हणजे कुणी तिथे स्विच आणून जोडला तर पोर्ट बंद होईल. बीपीडीयू गार्डचा अजून एक फायदा, कुणी मुद्दाम खोटे टीसी पाठवून टेबलं पुसायला लावायची आणि फ्लड झालेलं दुसऱ्यांचं ट्रॅफिक वाचायचं असला उद्योग करू शकत नाही.

माझं स्पष्ट मत, फेलओव्हरच्या बाबतीत दुसरं काही केलं नाही तरी चालेल पण एज पोर्ट नीट सेट करा, निम्मं दुखणं तिथेच संपतं.

सरळ एजिंग टाइमच १० सेकंद केला तर? जुनं काही राहणारच नाही.

नका करू. मग दहा सेकंद गप्प बसलेली प्रत्येक मशीन विसरली जाणार आणि दिवसभर फ्लड चालू राहणार. जी अडचण वर्षातून दोनदा येते तिच्यासाठी रोजचं दुखणं घेतल्यासारखं आहे.

उलट वाढवायला सांगतात काही लोक, ४ तास. ते का?

ती वेगळी केस आहे, दोन राउटर, जाताना एकावरून आणि येताना दुसऱ्यावरून. सिस्को राउटरमध्ये एआरपी डिफॉल्टला ४ तास टिकतं आणि स्विचमध्ये मॅक ५ मिनिटं. ज्या राउटरवरून फक्त उतरतं ट्रॅफिक येतंय त्याला मशीनचा मॅक एआरपीतून माहीत आहे म्हणून तो एआरपी परत करत नाही, पण मशीनचं चढतं ट्रॅफिक दुसऱ्या राउटरकडे जातं म्हणून ह्या बाजूच्या स्विचला तिचा सोर्स दिसतच नाही, ५ मिनिटांनी नोंद गेली की सगळं फ्लड. म्हणून दोन्ही टायमर जुळवतात, मॅकचं एजिंग वाढवून किंवा एआरपीचं कमी करून. पण टोपॉलॉजी चेंज आला की वाढवलेलं एजिंग काही कामाचं नाही, नोंदी जातातच आणि पुढच्या एआरपीपर्यंत फ्लड चालू. तेव्हा मला विचाराल तर एआरपीचा वेळ ५ मिनिटांच्या खाली आणणं जास्त बरं.

मधे एक साधा अनमॅनेज्ड स्विच आहे. त्याचं काय?

त्याला स्पॅनिंग ट्री कळत नाही, म्हणून टीसी पण कळत नाही. दोन शहाण्या स्विचच्या मधे तो असेल तर दोघंही आपली टेबलं पुसतील पण हा आपली ३०० सेकंदवाली नोंद धरून बसेल आणि वर सांगितलेला फ्रेम टाकून द्यायचा प्रकार आता हा करेल. शिवाय त्याच्या पलीकडची लिंक पडली तर अलीकडच्या स्विचला पोर्ट डाउन दिसत नाही, मग आरएसटीपीला सलग ३ हॅलो चुकायची म्हणजे ६ सेकंद वाट बघावी लागते आणि जुन्या एसटीपीला २० अधिक ३०, पन्नास सेकंद. मीडिया कन्व्हर्टरचंही तसंच, एका बाजूचं फायबर गेलं तरी दुसऱ्या बाजूचा दिवा चालूच राहू शकतो. असली पेटी टेबलाखाली टोकाला असू द्या, दोन स्विचच्या मधे नको.

स्टॅटिक मॅक टाकलेत, ते फ्लश होतात का?

नाही होत, आणि तोच धोका आहे. अपलिंकवर कुणी हाताने स्टॅटिक मॅक टाकून ठेवला असेल तर रस्ता बदलला तरी स्विच जुन्याच पोर्टकडे बोट दाखवत राहणार, तेही कायम, ३०० सेकंदांनी सुटका नाही. पोर्ट सिक्युरिटीचे स्टिकी मॅक पीसीच्या पोर्टवर असतात, फेलओव्हरमध्ये पीसी हलत नाही, म्हणून त्यांचा त्रास नाही.

व्हर्च्युअल मशीन असतील तर?

व्हीएमवेअरचा व्हर्च्युअल स्विच स्पॅनिंग ट्री चालवत नाही. होस्टची नेटवर्क कार्ड बदलली किंवा मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर गेली की तो मशीनच्या मॅकने आरएआरपीची फ्रेम सोडतो म्हणजे बाहेरचे स्विच शिकतात, कल्पना अपलिंकफास्टसारखीच. पण स्पॅनिंग ट्रीचा बदल होस्टपासून लांब कुठेतरी झाला तर होस्टच्या कार्डाची लिंक अपच असते, त्याला काही कळत नाही आणि तो काही सोडत नाही. तिथे सगळी भिस्त फिजिकल स्विचच्या फ्लशवरच. आणि होस्टकडे जाणारे पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारे) असले तरी एज म्हणून सेट करायचे, त्यासाठी ट्रंकवाली वेगळी कमांड असते, लोक नेमकी तीच विसरतात.

दोन लिंक एलएसीपीने बांधल्यात, त्यातली एक पडली तर?

काही पुसलं जात नाही. मॅक त्या बांधलेल्या लॉजिकल पोर्टवर शिकलेले असतात आणि तो अपच आहे. शक्य असेल तिथे दोन स्विचच्या मधे हेच करा, स्पॅनिंग ट्रीला मधे आणायचं कामच पडू नये.

फेलओव्हरनंतर मॅक फ्लॅपिंगचा मेसेज आला, लूप झाला का?

एक-दोन ओळी आल्या आणि थांबल्या तर घाबरू नका, मॅक खरंच एका पोर्टवरून दुसऱ्यावर गेलेत. तेच मॅक त्याच दोन पोर्टच्या मधे सतत टुणूकटुणूक करतायत आणि सीपीयू वर गेलाय तर मात्र लूप आहे, आधी एक केबल काढा आणि मग विचार करा.

आयपी टीव्ही, सीसीटीव्हीचं मल्टिकास्ट फेलओव्हरनंतर सगळीकडे पसरतं, का?

आयजीएमपी स्नूपिंगची (कुठल्या पोर्टला कुठलं मल्टिकास्ट हवं हे स्विचने ऐकून ठेवणं) माहितीही टोपॉलॉजी बदलली की भरवशाची राहत नाही. म्हणून सिस्कोचा स्विच टोपॉलॉजी चेंजनंतर मल्टिकास्ट मुद्दाम फ्लड करतो, डिफॉल्टला दोन जनरल क्वेरी (क्वेरिअरने सगळ्यांना कुणाला काय हवं हे विचारणं) होईपर्यंत. हे लवकर आटपावं म्हणून रूट स्विच ०.०.०.० ग्रुपचा खास लीव्ह मेसेज पाठवून क्वेरिअरकडून लगेच क्वेरी मागवू शकतो. कॅमेरे जास्त असतील तर त्यांचा व्हीलॅन वेगळाच ठेवा.

एका व्हीलॅनमध्ये बदल झाला तर बाकीच्यांची टेबलं पण जातात का?

सिस्कोच्या पर-व्हीलॅन प्रकारात नाही, ज्या व्हीलॅनचा टीसी त्याचंच टेबल. एमएसटीपीमध्ये (अनेक व्हीलॅनना मिळून एक ट्री देणारा प्रकार) एका इन्स्टन्समध्ये, म्हणजे एका ट्रीत, टाकलेल्या सगळ्या व्हीलॅनच्या नोंदी एकत्र जातात. आणि सगळे व्हीलॅन इन्स्टन्स शून्यमध्ये तसेच सोडले असतील, जे बरेच जण करतात, तर सगळ्यांच्याच.

लिनक्सच्या ब्रिजवर हे कसं चालतं?

कर्नलमधली स्पॅनिंग ट्री फक्त जुन्या पद्धतीची आहे, शिवाय डिफॉल्टला बंद. चालू केली तर वर सांगितल्याप्रमाणेच, एजिंग ३०० चं फॉरवर्ड डिलेइतकं होतं. आरएसटीपी हवी असेल तर एमएसटीपीडी नावाचा यूजरस्पेसचा प्रोग्राम लावावा लागतो. टेबल बघायला ब्रिज एफडीबी शो, आणि नोंदी येता-जाताना लाइव्ह बघायच्या असतील तर ब्रिज मॉनिटर एफडीबी. शिकायला ह्याच्यासारखं साधन नाही, तीन नेमस्पेसमध्ये तीन ब्रिज करून त्रिकोण बनवा आणि एक लिंक डाउन करा, घरी बसून सगळं डोळ्यांनी दिसतं.

आपल्या नेटवर्कवर टेस्ट कशी करायची? पिंग लावून केबल काढली, एकच पॅकेट गेलं, म्हणजे ठीक ना?

पिंग कुठून लावला त्यावर आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या लॅपटॉपवरून सर्व्हरला लावला असेल तर ती टेस्ट काही सांगत नाही, कारण लॅपटॉपचा प्रत्येक पिंग स्वतःच वाटेतल्या स्विचना नवा रस्ता शिकवत जातो. रस्ता किती वेळात उघडला हे कळतं, टेबलं साफ झाली का हे कळत नाही.

उलट करा. सर्व्हरच्या बाजूने दुसऱ्या मजल्यावरच्या गप्प मशीनला पाठवा. पिंगपेक्षा एकतर्फी यूडीपी बरा, आयपर्फ (टेस्टसाठी ट्रॅफिक सोडणारा प्रोग्राम) वापरा, ऐकणाऱ्या मशीनवर बाकीचे प्रोग्राम बंद करून ठेवा म्हणजे ती मधेच बोलणार नाही. सुरुवातीला त्या मशीनवरून एकदा पहिल्या मजल्यावरच्या कुठल्यातरी पीसीला पिंग करा, म्हणजे पहिल्या मजल्याच्या टेबलात तिची नोंद नक्की बसेल, नाहीतर तिथे नोंदच नसेल आणि टेस्ट उगाच पास होईल. मग केबल काढा आणि ऐकणाऱ्या बाजूला किती सेकंद काही आलं नाही ते मोजा. एखाद सेकंद असेल तर फ्लश नीट चालतोय. बरेच सेकंद जात असतील तर मधे कुठला स्विच जुन्या एसटीपीवर राहिलाय का बघा, कारण एका पोर्टवर जुना बीपीडीयू आला की आरएसटीपीचा स्विच त्या पोर्टवर जुन्या पद्धतीने वागतो, आणि जुना स्विच काढून टाकल्यावरही तो पोर्ट तसाच अडकून राहू शकतो, त्याला डिटेक्टेड प्रोटोकॉल क्लिअर करायची कमांड द्यावी लागते. जोडीने डुप्लेक्सही तपासा, हाफ डुप्लेक्सवर आलेली लिंक पॉइंट-टू-पॉइंट धरली जात नाही आणि तिथे डेझिग्नेटेड पोर्ट झटपट उघडत नाही. टेस्ट संपल्यावर केबल परत लावाल तेव्हाही मोजत रहा, परत जातानाही टेबलं बदलतात आणि ते बहुतेक कुणी मोजतच नाही.